उन्हाळी नव्हे, आटलेली ओल

पूर्वपक्ष आधी नीट मांडते, कारण तो मांडणारी माणसं माझीच आहेत. माझी आई, शनिवार पेठेतल्या वाड्यातल्या काकू, सकाळी सारसबागेत फेऱ्या मारणाऱ्या माझ्या मैत्रिणी, आणि काही डॉक्टरसुद्धा. त्यांचं म्हणणं असं. पाळी गेल्यावर बाईला लघवीच्या जागी जळजळ होते, खाज सुटते, कोरडं पडतं, सारखं लघवीला लागतं, शिंक आली की थेंब सुटतो. हे वयाचं आहे. त्यात अंगात उष्णता वाढते म्हणून उन्हाळी लागते. धने-जिऱ्याचं पाणी प्यावं, सब्जा घ्यावा, फारच झालं तर इन्फेक्शनची गोळी पाच दिवस घ्यावी. कोरडेपणाचा प्रश्न नवरा-बायकोपुरता, त्या वयात त्याचं काय एवढं! आणि हार्मोनच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये, त्याने कर्करोग होतो.

यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे. मी डॉक्टर नाही. कॉलेजात अठ्ठावीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. लॅक्टोबॅसिलसचा धडा दरवर्षी फळ्यावर काढून दाखवत होते, आणि त्याच वर्षांत घरातली एक बाई ज्या दुखण्याने हैराण होती त्याच्याशी त्या धड्याचा संबंध आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. याची बोच आहे, म्हणून हे लिहिते आहे.

उष्णतेपासून सुरुवात करते, कारण ती समजूत सर्वांत खोल रुजली आहे. ‘उन्हाळी लागणे’ हा शब्दच निदान करून मोकळा होतो. वैशाखात उन्हात हिंडलेल्या मुलीला, शेतात राबणाऱ्या बाईला, पाणी कमी पडून लघवी दाट होते आणि जळजळते. भरपूर पाणी प्यायलं की ते थांबतंही. तेव्हा शब्द खोटा नाही. पण साठीच्या बाईला भर पौषात होणारी, तांब्यामागून तांब्या पाणी पिऊनही न जाणारी आणि वर्षातून चार-पाचदा परतणारी जळजळ त्याच शब्दात कोंबली, की पुढचा प्रश्न कोणी विचारतच नाही.

उष्णतेचा पक्ष घेणारे आयुर्वेदाचा आधार सांगतात. तर मग संहितेकडेच जाऊ. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, तिसाव्या अध्यायात, वीस योनिव्यापदं सांगितली आहेत. त्यांतल्या एकीचं नाव ‘शुष्का’. तिचा दोष पित्त नाही, वात आहे. चरकाने तिचं कारण म्हणून वेगावरोध सांगितला आहे, पाळी जाणं नव्हे. शिवाय ‘शुष्का’ म्हणजेच आजचं हे दुखणं, असा माझा दावा नाही. जुन्या नावाला नवा आजार चिकटवण्याची घाई मला मान्य नाही. पण कोरडेपणा हे संहितेच्या मते वाताचं काम आहे, आणि उतारवय हाही वाताचाच काळ. त्या अध्यायात वातज व्यापदांवर सांगितलेल्या उपचारांत स्निग्ध पिचू आहेत, बस्ती आहेत, म्हणजे जिथे दुखतं तिथेच औषध. थंड प्यावं आणि सोसावं, हे संहितेने सांगितलेलं नाही. ते आपण मागाहून जोडलं आणि परंपरेच्या नावावर खपवलं.

आता देहात काय घडतं ते बघू. पाळीच्या वर्षांत योनिमार्गाच्या अस्तरात पेशींचे बरेच थर असतात. इस्ट्रोजेन मिळतं तोवर या पेशी ग्लायकोजेन साठवतात. पेशी गळून पडल्या की त्यातली साखर तिथल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंना मिळते आणि ते तिचं लॅक्टिक आम्ल करतात. दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे हे नातलग. दूध नीट विरजलं की त्या आंबटपणात नासवणाऱ्या जंतूंचं फारसं चालत नाही, तसंच इथेही होतं. सामू साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि परक्या जंतूंना थारा मिळत नाही. अंडाशयांचं इस्ट्रोजेन थांबलं की थर कमी होतात, साखर संपते, विरजण मरतं, सामू ५च्या वर चढतो. मग आतड्यातले ई. कोलाय जंतू तिथे वस्ती करतात, आणि तिथून मूत्रमार्गाचं तोंड बोटभरही लांब नाही. (हे वाचून कोणी दही लावू नये. त्यातले जिवाणू वेगळ्या जातीचे असतात, आणि उपाशी अस्तरावर बाहेरून आणलेलं विरजण धरत नाही.)

हे फक्त योनिमार्गापुरतं राहत नाही, यालाही कारण आहे. योनीचा खालचा भाग आणि मूत्रमार्ग गर्भात एकाच कोशातून घडतात. इस्ट्रोजेन ओळखणारे ग्राहक दोन्हीकडे आहेत, मूत्राशयाच्या तळाशीही आहेत. धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखं अस्तर दोन्हीकडे विरतं, रक्तपुरवठा घटतो, लवचीकपणा जातो. लघवीचा पहिला थेंब लागला तरी झोंबतं. पातेलं अर्धं भरायच्या आत मूत्राशय हाकाटी सुरू करतं. म्हणून जळजळ, कोरडेपणा, घाई, पुन्हा पुन्हा संसर्ग ही चार दुखणी नसून एकच आहे. जुनं वैद्यकीय नाव होतं ‘एट्रॉफिक व्हजायनायटिस’. त्यात लघवीचा पत्ताच नव्हता, आणि शेपटीला दाहाचा प्रत्यय होता, जरी मूळ बिघाड दाहाचा नाही. २०१४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्ती संस्थेने आणि स्त्रियांच्या लैंगिक आरोग्यावर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने मिळून ते टाकलं आणि ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’, थोडक्यात जीएसएम, हे नाव घेतलं. नाव बोजड आहे, पण त्याने निदान योनी आणि मूत्राशय एका वाक्यात आणले. मराठीत मी त्याला ‘ओल आटणं’ म्हणते. विहिरीची ओल आटते तेव्हा दोष उन्हाचा आहे की झऱ्याचा, हे आधी पाहावं लागतं. इथे झरा आटलेला असतो.

आता इन्फेक्शनच्या गोळीबद्दल. माझ्या यजमानांच्या आत्या एकोणसत्तर वर्षांच्या आहेत, सदाशिव पेठेत एकट्या राहतात. गेल्या सात-आठ वर्षांत त्यांनी हळूहळू काय काय सोडलं, ते मला फार उशिरा कळलं. आधी अष्टविनायकाची सहल सोडली. मग लग्नकार्यांत मुक्काम. मग टिळक स्मारक मंदिरातली वसंत व्याख्यानमाला, जिला त्या लग्न होऊन आल्यापासून न चुकता जात होत्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, “आता भाषणांत राम नाही.” खरं कारण दीड तास खुर्चीवर बसवत नव्हतं. एका वर्षात पाच वेळा प्रतिजैविकं झाली. त्यांतल्या दोनच वेळा लघवीची कल्चर तपासणी झाली होती. एकदा जंतू सापडले, एकदा नाही. जळजळ दोन्ही वेळा सारखीच होती. जंतू नसताना घेतलेल्या गोळीने त्यांचा काही फायदा झाला नाही, आणि जंतू असताना घेतलेल्या गोळीने ते पुढच्या महिन्यात परत यायचे थांबले नाहीत. घरात चोर शिरतो आहे तो दार मोडलं म्हणून, आणि आपण दर वेळी चोराला हुसकावून दार तसंच ठेवतो आहोत.

दार दुरुस्त करता येतं, हे १९९३ साली दाखवलं गेलं. रॅझ आणि स्टॅम या दोन संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ९३ स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्या पाळी गेलेल्या, सगळ्यांना वारंवार मूत्रसंसर्ग होणारा. काहींना इस्ट्रिऑलचं मलम योनिमार्गात लावायला दिलं, अर्धा मिलिग्रॅम, दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. बाकीच्यांना औषध नसलेलं मलम. आठ महिन्यांच्या हिशेबात, औषध लावणाऱ्यांत एका बाईमागे वर्षाला ०.५ संसर्ग झाले आणि न लावणाऱ्यांत ५.९. महिन्याभरात औषधाच्या गटातल्या जवळजवळ साठ टक्के स्त्रियांमध्ये लॅक्टोबॅसिलस परत आले होते, दुसऱ्या गटात एकीमध्येही नाही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आत्यांच्या पाच कोर्सची आठवण होऊन वाईट वाटलं. पुढे अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही हेच दिसलं: तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने संसर्ग कमी होत नाहीत, जागेवर लावलेल्याने होतात. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये, वारंवार संसर्ग होणाऱ्या अशा स्त्रियांना हे औषध सुचवावं, असं स्पष्ट लिहिलं, आणि २०२५ मध्ये या दुखण्यावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. तीसहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट आपल्या पेठांत अजून पोचायची आहे. दरम्यान औषधांना न जुमानणारे जंतू मात्र पोचले.

‘वयाचं आहे’ या म्हणण्याला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे, वयाचं असणं हे सोसण्याचं कारण होत नाही. डोळ्यांना जवळचं दिसेनासं झालं की आपण चष्मा करतो, इतक्या सहज की त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतो. मोतीबिंदू वयाचाच असतो, त्याला कोणी धने-जिऱ्याचं पाणी देत नाही. शिवाय हे दुखणं वाट पाहिली तर कमी होणाऱ्यांपैकी नाही. अंगातून वाफा निघणं, घाम फुटणं हे बहुतेकींचं काही वर्षांनी ओसरतं. ओल आटणं ओसरत नाही, उपचार केला नाही तर वाढतच जातं. ‘थोडं सोस, जाईल’ हा सल्ला वाफांपुरता कदाचित चालेल, इथे तो सरळ चुकीचा आहे.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुळात हे वयाचं नाहीच, इस्ट्रोजेनच्या तुटवड्याचं आहे. अंगावर पाजणाऱ्या पंचविशीतल्या बाळंतिणीलाही असाच कोरडेपणा येतो, कारण त्या महिन्यांत तिचं इस्ट्रोजेन खाली गेलेलं असतं. आणि बीड जिल्हा आठवा. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातात, हे २०१९ मध्ये उघड झालं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर अंडाशय काढले असतील, तर त्या बाईची पाळी एका दुपारीत जाते आणि तिशीतच झरा आटतो. अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकण्याचा धोका असतो. तिने पहाटे चारपासून फडात कोयता चालवायचा, आडोसा नाही, पाणी बेताचं, आणि जळजळ कायमची. तिला ‘वयाचं आहे’ कोण म्हणणार? पुण्यातल्या पेठेतल्या बाईचं आणि तिचं दुखणं एकच आहे. औषधाची नळी मात्र एकीच्या गल्लीतल्या दुकानात मिळते, दुसरीला या दुखण्याला नाव आहे हेही कोणी सांगितलेलं नसतं.

शरीरसंबंधाचा मुद्दा थोडक्यात. विधवेला, एकटीला, संन्यस्त बाईलाही लघवी करावी लागते, रात्री चारदा उठावं लागतं, अंधारात घसरून पडण्याचा धोका असतो. म्हणून ‘तुम्हाला आता काय करायचंय’ हा प्रश्नच गैरलागू आहे. आणि जिला करायचंय, तिला पन्नाशीनंतरही वेदनेविना सुख मिळावं, हे मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ साली जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यासाठी खटले सोसले. त्यांच्या नंतर इतक्या वर्षांनी हे वाक्य लिहिताना मला क्षणभर थांबावं लागलं, याचंच मला दुःख आहे. बायका बोलत नाहीत असं म्हणतात, तेही खरं नाही. पुरंदर तालुक्यात ‘मासूम’ संस्थेने गावातल्या बायकांना स्वतःची अंतर्गत तपासणी शिकवली, आणि त्या शिकल्या. पुण्यात २०१६ पासून मोडीत निघालेल्या पीएमपी बसगाड्यांची ‘ती’ नावाची स्वच्छतागृहं झाली, त्याच्या मुळाशीही लघवी तुंबवून ठेवणाऱ्या बायकांचा विचार होताच. विचारलं की बायका सांगतात. तपासणीच्या खोलीत रक्तदाब आणि साखर विचारणारे हा एक प्रश्न विचारत नाहीत.

उरला हार्मोनचा आणि कर्करोगाचा मुद्दा. पूर्वपक्षाचा हा सर्वांत बळकट खांब आहे, आणि तो हवेत उभा नाही. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची पाहणी जाहीर झाली. ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया, सरासरी वय ६३. रोज तोंडाने दोन हार्मोनांची गोळी, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. पाच वर्षांनी प्रयोग थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग वर्षाला दहा हजारांत ३० ऐवजी ३८ जणींना होत होता, आणि हृदयविकार, पक्षाघातही थोडे वाढले होते. ही बातमी जगभर गेली आणि तिच्यातला ‘दोन हार्मोनांची, तोंडाने घेतलेली’ हा भाग वाटेतच गळून पडला. ज्यांची पिशवी काढलेली होती अशांना याच पाहणीत नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, हेही फारसं कोणी सांगितलं नाही.

पण समजा ते सगळं मान्य केलं, तरी योनिमार्गात लावायच्या औषधाला ते कसं लागू होतं? हिशेब करू. इस्ट्राडायॉलची जागेवर ठेवायची गोळी १० मायक्रोग्रॅमची असते. पहिले चौदा दिवस रोज, म्हणजे १४०. उरलेले पन्नास आठवडे दोनदा, म्हणजे १,०००. वर्षाची बेरीज १,१४० मायक्रोग्रॅम, सव्वा मिलिग्रॅमसुद्धा नाही. तोंडाने घ्यायची इस्ट्राडायॉलची नेहमीची गोळी रोज एक मिलिग्रॅमची असते. म्हणजे एकीचं वर्ष ते दुसरीचा जेमतेम एक दिवस. आपल्याकडे जास्त करून इस्ट्रिऑलचं मलम मिळतं, ते मुळातच सौम्य इस्ट्रोजेन आहे. सुरुवातीला विरलेल्या अस्तरातून थोडं रक्तात जातं, मग अस्तर दाट झालं की शोषण कमी होतं. मात्र मलम मापाच्या नळीनेच घ्यावं, अंदाजाने पिळू नये. काही जास्त जोरकस मलमं भरमसाट लावली तर रक्तातली पातळी चढू शकते. आणि हा नुसता कागदी हिशेब नाही. त्याच ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’च्या हजारो स्त्रियांत योनिमार्गी इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांची नोंद २०१८ मध्ये आणि नर्सेसच्या दीर्घ पाहणीची २०१९ मध्ये छापली गेली. दोन्हींत कर्करोग वा हृदयविकार वाढलेला दिसला नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये ही १० मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीविना औषधांच्या दुकानात द्यायला परवानगी दिली.

माझ्या पक्षाविरुद्धचा पुरावाही ठेवते. २०१८ मध्ये ३०२ स्त्रियांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इस्ट्राडायॉलची गोळी, साधं मॉइश्चरायझर आणि खोटं औषध यांत बारा आठवड्यांनी, ज्या लक्षणाचा सर्वांत त्रास होतो त्यात म्हणावा असा फरक पडला नाही. काहींनी यावरून इस्ट्रोजेन निरुपयोगी ठरवलं. मला वाटतं ते घाईचं आहे. तिन्ही गटांना आराम पडला होता, आणि खोट्या औषधाच्या गटालाही आठवड्यातून तीनदा एक जेल मिळत होतं, म्हणजे ओलावा सगळ्यांनाच मिळाला. प्रयोग तीन महिन्यांचा होता, वारंवार होणारे संसर्ग त्यात मोजलेले नव्हते. यातून मी एवढंच घेते की ज्यांचा त्रास नुसत्या कोरडेपणाचा आहे त्यांनी आधी बिनहार्मोनचं मॉइश्चरायझर नेमाने लावून पाहावं, आणि तिथे साबण, अँटिसेप्टिक, सुगंधी वॉश लावणं बंद करावं. ज्यांना संसर्ग पुन्हा पुन्हा होतो त्यांच्यासाठी १९९३चा आकडा अजून उभा आहे. या दुखण्यावर लेझरचा उपचार सुचवणाऱ्या जाहिरातींना मात्र माझ्याकडे ‘नको’शिवाय दुसरं उत्तर नाही. २०२१ मध्ये ८५ स्त्रियांवर खरं आणि खोटं लेझर करून वर्षभर पाहिलं, फरक निघाला नाही. त्याआधी २०१८ मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला होता.

आणि काही ठिकाणी माझाही हात आखडता आहे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डागसुद्धा दिसला, लघवीतून रक्त गेलं, तर मलम नाही, आधी तपासणी. खाज येते तिथे पांढरे चट्टे असतील तर तो वेगळा आजार असतो. साखर असणाऱ्या बाईची खाज बुरशीची असू शकते. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी, विशेषतः इस्ट्रोजेन पूर्ण दाबणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, आधी बिनहार्मोनचे उपाय करावेत, आणि पुढचं कर्करोगतज्ज्ञाशी बोलूनच ठरवावं. हे अपवाद आहेत. त्यांच्या आड सगळ्याच बायकांचा उपचार रोखून धरणं मला मान्य नाही.

आत्यांना अखेर मलम लिहून मिळालं, दुसऱ्या एका डॉक्टरांकडून. त्यांनी ते तीन आठवडे कपाटात ठेवलं. खोक्यातली घडीची चिठ्ठी त्यांनी भिंग लावून वाचली होती: कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या. तोंडाने घ्यायच्या गोळीसाठी लिहिलेले इशारे नळीच्या खोक्यातही तसेच घातले जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा औषधांवरच्या ठळक चौकटीतून स्तनाचा कर्करोग, हृदयविकार आणि स्मृतिभ्रंश हे उल्लेख काढायची प्रक्रिया सुरू केल्याचं जाहीर केलं, पण ती बातमी सदाशिव पेठेतल्या त्या कपाटापर्यंत आलेली नव्हती. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कालनिर्णयच्या मागच्या पानावर वरची बेरीज पेन्सिलने मांडली. त्यांनी ती दोनदा तपासली, गणिताच्या शिक्षिका होत्या त्या. मग म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं मी उष्णतेचं औषध पीत होते.”

त्या पानाच्या पुढच्या बाजूला आता मंगळवार आणि शुक्रवारच्या चौकोनांत छोटी फुली असते. एकादशीची खूण त्या शाईने करतात, ही पेन्सिलने. एप्रिलच्या पानावर एकवीस तारखेला शाईचं वर्तुळ आहे, व्याख्यानमाला सुरू होते त्या दिवशी.